अर्धा वकील बरा की मी?

मागच्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन नुकता बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. हापिसातला एक तरुण सहकारी. पुण्याचा आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मला "दादा" म्हणतो.

"दादा, शनिवारी सकाळी त्रास देतोय, सॉरी. माझ्या मावसबहिणीचं घटस्फोटाचं प्रकरण आहे. इथेच असते ती, जवळच. तिला कागद मिळालेत, उत्तर द्यायचंय. वकील परवडत नाही. चॅटजीपीटीला विचारून सगळे फॉर्म भरलेत आम्ही. तुम्ही मागे कुणाला तरी मदत केली होती म्हणे. फक्त एकदा नजर टाका, बास."

मी नाही म्हणालो. अगदी तोडून. पलीकडे दोन सेकंद शांतता. बायकोने मोबाईलमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. तिला कारण माहीत होतं, त्याला नव्हतं. फोनवर त्याला जे धड सांगता आलं नाही, ते आज इथे लिहून टाकतो.

गोष्ट २०१६ च्या ऑक्टोबरमधली आहे. (जिची आहे तिला विचारूनच लिहितोय. नाव आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत.) सिएटलमधला ऑक्टोबर म्हणजे बाहेर पिरपिर पाऊस. बायकोची एक मैत्रीण चार वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाला खाली कार्टून लावून दिलं आणि तिने पर्समधून एक जाडजूड पाकीट काढलं. नवऱ्याने घटस्फोटाचा अर्ज केला होता. समन्सवर लिहिलेलं, वीस दिवसांत उत्तर द्या. त्यातले नऊ दिवस तिने नुसते रडण्यात घालवले होते.

तिचा व्हिसा एच-४, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. २०१५ पासून काही एच-४ बायकांना कामाची परवानगी मिळू लागली होती, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण एका ठराविक टप्प्याला पोचलेलं असावं लागतं. ते पोचलेलं नव्हतं. त्यामुळे नोकरी नाही, स्वतःच्या नावाचं बँक खातं नाही. दोन वकिलांना फोन करून झाले होते. दोघांनीही आधी पाच हजार डॉलर अनामत ठेवायला सांगितली. तासाचा दर साडेतीनशे.

फौजदारी खटला असेल आणि आरोपीकडे पैसे नसतील तर अमेरिकेत सरकारने वकील द्यायचा असतो. १९६३ च्या गिडियन खटल्यापासून ते सगळ्या राज्यांना बंधनकारक आहे. सिनेमात पोलीस बेड्या घालताना बडबडतात ना, ते तेच. पण घटस्फोट, मुलाचा ताबा, घरातून बाहेर काढणं, कर्जवसुली ही सगळी दिवाणी प्रकरणं. तिथे सहसा ज्याचा तो. गरिबांच्या दिवाणी कायदेशीर मदतीसाठी संसदेने १९७४ मध्ये लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन नावाची संस्था काढली. तिच्या २०२२ च्या अहवालात म्हटलंय की कमी उत्पन्नाच्या लोकांच्या गंभीर दिवाणी अडचणींपैकी ९२ टक्क्यांत त्यांना पुरेशी मदत मिळत नाही, किंवा अजिबातच मिळत नाही. ब्याण्णव! आमच्या सिस्टिमचा एरर रेट एवढा असता तर रात्री दोनला सगळ्यांचे फोन खणखणले असते.

तर मी म्हटलं, फॉर्मच आहेत ना? आण इकडे.

आम्हा इंजिनिअर लोकांचा हा एक रोग आहे. समोर चौकोन दिसले की भरता येतात असं वाटतं. त्यात वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षी कौटुंबिक कोर्टाचे फॉर्म साध्या इंग्रजीत नव्याने लिहून काढले होते. खरंच सुरेख फॉर्म, आमच्या हापिसातल्या कित्येक स्क्रीनपेक्षा बरे. डावीकडे नवऱ्याचा अर्ज ठेवला, उजवीकडे उत्तराचा फॉर्म. मुद्दा एक, सहमत की असहमत. मुद्दा दोन, सहमत की असहमत. दोन तासांत काम फत्ते. सोमवारी तिने ते कोर्टात दाखल केलं, नवऱ्याच्या वकिलाला प्रत पोचवली. मी स्वतःवर खूष. बायकोने गोड शिरा केला होता, तोही खाल्ला.

त्या अर्जात एक तारीख होती, "विभक्त झाल्याची तारीख". नवऱ्याने साधारण वर्षभर आधीची घातली होती. मी तिला विचारलं, "या तारखेला तू कुठे होतीस?" म्हणाली, "सांगलीला. बाबांचं ऑपरेशन होतं, पाच महिने तिकडेच होते." मी म्हटलं, म्हणजे वेगळे राहत होता, बरोबर आहे तारीख. 'सहमत'वर खूण केली आणि पुढे गेलो. तीस सेकंद लागली असतील नसतील.

पुढच्या आठवड्यात ती पुढच्या कागदांसाठी कोर्टातल्या मदतकक्षात गेली. तिथे बसलेली माणसं कोणता फॉर्म कुठे मिळतो, किती प्रती लागतात, कोणत्या खिडकीवर जायचं हे सांगतात. कायद्याचा सल्ला देत नाहीत, त्यांना मनाई आहे. तिने विचारलं, "या रकान्यात काय लिहू?" उत्तर आलं, "ते आम्हाला सांगता येत नाही." पण त्यांनी एक यादी हातात ठेवली. त्या यादीत वकिलांच्या खाली एक वेगळाच प्रकार होता, 'लिमिटेड लायसन्स लीगल टेक्निशियन'. इथले लोक त्याला ट्रिपल-एल-टी म्हणत.

हा प्रकार मी तोवर ऐकलेलाही नव्हता. वॉशिंग्टन राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये एक नियम केला. वकील नसलेल्या, पण ठरलेलं शिक्षण, अनुभव आणि परीक्षा पार केलेल्या माणसाला मर्यादित वकिली करण्याचा परवाना. मर्यादित म्हणजे फक्त कौटुंबिक कायदा. डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर यांचं नातं इथे सगळ्यांना माहीत आहे, साधारण त्याच धर्तीवर. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य. पहिले परवाने २०१५ मध्ये दिले गेले.

तर ती टेक्निशियन. एका दातांच्या दवाखान्याच्या वर छोटंसं ऑफिस. पन्नाशीच्या बाई, वीस वर्षं एका वकिलाच्या ऑफिसात काम केलेलं. दर तासाला एकशेवीस डॉलर. गाडी मी चालवत नेली होती, म्हणून मीही आत बसलो. बाईंनी आधी एक लेखी करार पुढे केला. मी काय काय करू शकते, काय करू शकत नाही, चुकले तर तक्रार कुठे करायची. नियमच होता तसा, कराराशिवाय कामाला हात लावायचा नाही. मग त्यांनी माझं ते सुंदर उत्तर वाचायला घेतलं आणि तारखेपाशी थांबल्या.

"सांगलीला जाताना तुमचं लग्न संपलं होतं का?"

"नाही हो. रोज रात्री फोन व्हायचा. परत आल्यावर एकत्रच राहत होतो. दसऱ्याला गाडी घेतली नवीन."

"मग ही तारीख तुम्ही मान्य का केलीत?"

ती काही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. वॉशिंग्टनमध्ये लग्नानंतर दोघांपैकी कुणीही कमावलेलं दोघांचं समाईक धरतात. पण नवरा-बायको संसार मोडला म्हणून वेगळे राहायला लागले की त्यानंतरची कमाई ज्याची त्याची. नुसतं वेगळ्या गावात असणं पुरेसं नाही, लग्न संपवण्याचा हेतू असावा लागतो. वडिलांच्या ऑपरेशनसाठी माहेरी जाणं म्हणजे विभक्त होणं नव्हे. आणि मी त्या तीस सेकंदांत नवऱ्याचा वर्षभराचा पगार, बोनस आणि त्या वर्षात हातात आलेले कंपनीचे शेअर, सगळं तिच्या वतीने सोडून देण्याच्या तयारीत होतो. खाली तिची सही घेऊन.

ज्याच्या हातून कधी चुकून प्रॉडक्शनचा डेटाबेस उडालाय त्याला पोटात काय होतं ते कळेल. फरक एवढाच, की तिथे बॅकअप असतो.

इथेही थोडक्यात वाचलो. उत्तर पोचवून वीस दिवस व्हायचे होते. तेवढ्या मुदतीत एकदा सुधारित उत्तर दाखल करता येतं. बाईंनी ते त्याच दुपारी तयार केलं.

त्या दिवशीची खरी शिकवण मात्र पुढची आहे. तिने विचारलं, "घटस्फोट झाला तर माझ्या व्हिसाचं काय?" बाई म्हणाल्या, "हे माझ्या परवान्यात बसत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला फक्त एक तासाचे पैसे द्या आणि एवढाच प्रश्न विचारा. पण हुकूम व्हायच्या आत विचारा." (हुकूम झाला की एच-४ संपतो. मी हे तिला सांगितलं होतं का? मला सुचलंही नव्हतं.) नवऱ्याच्या निवृत्तीच्या खात्याचा विषय निघाला. त्याच्या वाटणीला कोर्टाचा वेगळा हुकूम लागतो. "तेही मला करता येत नाही. त्या कागदापुरता वकील घ्या." दोन तासांत त्या बाई तीनदा तरी "हे मला येत नाही" किंवा "हे मला करता येत नाही" म्हणाल्या. मी त्या शनिवारी दोन तासांत एकदाही म्हणालो नव्हतो.

परत येताना गाडीत मला आमच्या तालुक्याच्या गावातले अर्जनवीस आठवले. तहसील कचेरीसमोर लिंबाखाली टेबल, त्यावर टाइपरायटर, बाजूला कोर्ट फी स्टँपचा डबा. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला आजी मला बोट धरून तिथे घेऊन गेली होती. त्यांनी अर्ज खटाखट टाइप करून दिला, तलाठ्याकडे कोणते कागद न्यायचे ते सांगितलं. मग आजीने विचारलं, "भाऊ, पोरी हिस्सा सोडतो म्हणतात, तेही यातच लिहा की." ते म्हणाले, "आजी, हक्कसोडीचं काम माझं नाही. ते रजिस्टर करावं लागतं. वकिलाकडे जा, आणि पोरींना आधी विचारा नीट." काळी टोपी घालणारा तो माणूस किती शिकलेला होता कोण जाणे. पण आपलं टेबल कुठे संपतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट नंतर वाचून कळली. 'कोणत्या चौकोनात खूण करायची' हे दुसऱ्याला सांगणं हाच कायद्याचा सल्ला. परवाना नसताना तो देणं, फुकट दिला तरीही, बेकायदा वकिली ठरू शकते. वॉशिंग्टनमध्ये हा पहिल्याच वेळी फौजदारी गुन्हा आहे. म्हणजे शिरा खाऊन मी जे केलं ते हेच!

तिचं प्रकरण पुढे आठ महिने चाललं. टेक्निशियनचं बिल एकूण एकवीसशे डॉलरच्या आसपास झालं, अधिक इमिग्रेशनच्या वकिलाचा एक तास, अधिक खात्याच्या कागदासाठी दुसऱ्या वकिलाचे दोन तास. सगळं गुळगुळीत झालं असं मात्र अजिबात नाही. त्या वेळच्या नियमाप्रमाणे टेक्निशियनला कोर्टात अशिलाच्या बाजूने उभं राहता येत नव्हतं, की समोरच्या वकिलाशी बोलणी करता येत नव्हती. नवऱ्याच्या वकिलाचा फोन आला की तो हिनेच घ्यायचा, थरथरत. तात्पुरत्या पोटगीच्या सुनावणीला कमिशनरसमोर ती एकटी उभी राहिली. बाईंनी आदल्या दिवशी मुद्दे कागदावर लिहून दिले होते, ते तिने वाचून दाखवले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिचा आवाज पहिल्या मुद्द्याला फुटला, तिसऱ्यापासून नीट लागला. ही अट किती विचित्र आहे ते तेव्हा समजलं. पुढे २०१९ मध्ये कोर्टाने ती बरीच सैल केली.

आणि २०२० च्या जूनमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने अख्खी योजनाच गुंडाळली. कारणं दोन दिली. योजना चालवण्याचा खर्च, आणि पुढे येणाऱ्यांची कमी संख्या. त्या वेळी काम करणारे परवानाधारक सगळ्या राज्यात मिळून चाळीसच्या आसपास होते. भाडेकरू आणि कर्जवसुलीच्या प्रकरणांतही त्यांना काम करू द्यावं असा प्रस्ताव समोर होता, तोही फेटाळला. २०१२ मध्ये सरन्यायाधीश असताना ज्यांनी हा नियम पुढे आणला त्या बार्बरा मॅडसन यांनी विरोधी मत नोंदवलं. शिक्षण अर्ध्यावर असलेल्यांना आधी २०२१ आणि मग वाढवून जुलै २०२२ पर्यंत मुदत मिळाली. ज्यांच्याकडे परवाना आहे ते काम करत राहू शकतात. नवीन कुणाला नाही.

आता, चाळीस हा आकडा लाजिरवाणा आहे हे मान्यच. पण तो का होता ते बघा. परवान्यासाठी सुरुवातीला ३,००० तासांचा अनुभव लागायचा, वकिलाच्या देखरेखीखाली. पंचेचाळीस क्रेडिटचं शिक्षण, त्यावर कौटुंबिक कायद्याचा वेगळा अभ्यासक्रम, परीक्षा, विमा. एवढं सगळं करून परवानगी कशाची, तर एकाच प्रकारच्या कामाची, तीही हात अर्धे बांधून. राज्यातल्या वकिलांच्या संघटनेच्या संचालक मंडळाचा नियमाला आधीपासूनच विरोध होता आणि योजना चालवायची होती त्याच संघटनेने. आम्ही एखादं फीचर असं सोडलं असतं आणि "कुणी वापरतच नाही" म्हणून बंद केलं असतं, तर रिव्ह्यूमध्ये कुणीतरी विचारलंच असतं की बाबा रे, बटण कुठल्या मेनूत लपवलं होतंस?

विरोधकांचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. एक वकील मित्र आहे, तो म्हणतो, "तासाला एकशेवीस डॉलर तरी कुठल्या गरिबाला परवडतात? त्यापेक्षा सरकारी मदतीच्या वकिलांना पैसे द्या." खरं आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला टेक्निशियनही परवडत नाही. तिच्या बिलातले निम्मे पैसे आम्ही मैत्रिणी-मैत्रिणींनी मिळून घातले होते. तो असंही म्हणतो, "साधं प्रकरण साधं आहे हे आधी कळतं कुठे? तुझ्या त्या तारखेसारखं काहीतरी आत निघतं, आणि अर्ध्या वकिलाच्या ते लक्षात आलं नाही तर?"

आली का पंचाईत? पण गंमत अशी की, ती तारीख अर्ध्या वकिलाच्याच लक्षात आली होती. सुटली होती माझ्या नजरेतून.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. ही चर्चा नेहमी 'पूर्ण वकील की अर्धा वकील' अशी होते. पूर्ण वकील चांगला, यात वाद नाहीच. पण त्या पाकिटासमोर बसलेल्या बाईपुढे तो पर्याय नसतो. तिच्यापुढे पर्याय असतो अर्धा वकील की मी. मी म्हणजे शेजारी, मेहुणा, मंडळातला हुशार माणूस, आणि आता चॅटबॉटही. आत्मविश्वास भरपूर, परवाना नाही, विमा नाही, चूक झाली तर तक्रार करायला जागा नाही. परवान्याने माणसाला काय करता येतं यापेक्षा, त्याने कुठे थांबायचं हे लिहून ठेवलेलं असतं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. तो काढून घेतला म्हणून लोक वकिलाकडे जात नाहीत. ते माझ्याकडे येतात.

बाकीच्या ठिकाणी गाडी पुढे गेली आहे. कॅनडातल्या ऑन्टारियोत २००७ पासून पॅरालीगलना परवाने मिळतात, हजारो आहेत. यूटाने २०१९ पासून कौटुंबिक, भाडेकरूंच्या आणि कर्जाच्या प्रकरणांसाठी परवाने दिले. अ‍ॅरिझोनाने २०२१ मध्ये सुरुवात केली आणि तिथे त्यांना चक्क कोर्टात उभं राहता येतं. कोलोरॅडोत पहिले परवाने २०२४ मध्ये मिळाले. आमच्या शेजारच्या ओरेगनने २०२२ मध्ये नियम मंजूर केला. म्हणजे जिथून हे सुरू झालं तिथलं दार बंद, आणि कोलंबिया नदीचा पूल ओलांडला की उघडं.

हे सगळं त्या पोराला शनिवारी सकाळी फोनवर कसं सांगणार? मी फक्त एवढं म्हणालो, "फॉर्म मी बघणार नाही. चॅटबॉटला विचारून कुठे सहीही करू देऊ नकोस. किती दिवस उरलेत?" म्हणाला, अकरा. मग मी त्या जुन्या बाईंना फोन लावला. नऊ वर्षांनी. नंबर तोच होता. आधी म्हणाल्या तीन आठवड्यांनंतरची वेळ आहे. मुदतीचे दिवस सांगितल्यावर थोडं थांबल्या आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता, ऑफिस उघडायच्या आधी, यायला सांगितलं.

ठेवता ठेवता मी विचारलं, "यापुढेही कुणी विचारलं तर तुमचा नंबर देत जाऊ ना?"

"पुढच्या वर्षी मार्चपर्यंत द्या," त्या म्हणाल्या. "मग मी निवृत्त होतेय."

त्यांच्या जागी कोण, हे मी विचारलं नाही. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

जिची गोष्ट सांगितली ती आता ओहायोत असते. स्वतःची नोकरी, स्वतःचा व्हिसा, मुलगा तेरा वर्षांचा. कधी फोन झाला की अजून चिडवते, "दादा, कुठला फॉर्म भरायचाय का?"

असो. चहा पार गार झाला.